आमचे गाव, आमची पुस्तके

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शिवाजीनगर, बंगळूर येथे भरलेल्या विद्यार्थी-मेळाव्यातील भाषण)



‘विद्यार्थी आणि त्याची प्रेरणास्थाने’ असा विषय मंडळाने आमच्याकडे सोपविला, तेव्हा आनंदापेक्षा संकोचच अधिक वाटला. या विषयावर बोलणाऱ्याने चार थोर पुरुषांची नावे घ्यावीत, त्यांच्या चरित्रांतील एकेक प्रसंग सांगावा आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवाव्यात, असा प्रघात आहे. तो आम्हांस ठाऊक आहे. शाळेच्या वक्तृत्वस्पर्धांतून आम्ही तो इमानेइतबारे पाळलेलाही आहे. परंतु आज घरच्याच मंडळींपुढे बोलावयाचे असल्याने, ज्यांचे पुतळे होत नाहीत अशा दोन गोष्टींविषयी बोलण्याची अनुज्ञा मागतो. एक म्हणजे आमचे गाव, आणि दुसरी म्हणजे लहानपणी हाती आलेली पुस्तके. या दोहोंनी आम्हांस घडविले. शिवाय मंडळाच्या ग्रंथसंग्रहाचे पुढे काय करावे, याविषयी कार्यकारी मंडळाने सभासदांची मते मागविली आहेत. बोलण्याच्या ओघात आमचे मतही सांगून टाकावे, असा हेतू आहे.

प्रथम गावाविषयी. परप्रांतातील मराठी घरी पाहुणा आला म्हणजे मुलाला पहिला प्रश्न नावाचा विचारतात व दुसरा गावाचा. “तुमचं गाव कोणतं रे?” या प्रश्नाला आम्ही कित्येक वर्षे घरी शिकविल्याप्रमाणे “गडहिंग्लज” असे उत्तर देत आलो. उत्तर खोटे नव्हते. आजोबा शिलाईच्या धंद्याच्या निमित्ताने तिकडूनच या शहरात आले. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेळगाव गाठावे, तेथून एस.टी.ने पुढे जावे, हिरण्यकेशीच्या पाण्यात डुंबावे आणि लाल मिरच्यांच्या ढिगांनी भरलेला बाजार नाकाला रुमाल लावून हिंडावा, हे सारे घडले आहे. पण खरे सांगावयाचे तर तेथे आम्ही पाहुणे होतो. तेथील मुले आम्हांला ‘बंगळूरची’ म्हणत, आणि इकडे गल्लीतली मुले आम्हांला ‘मराठीवाले’ म्हणत. दोन्ही गावांनी अशी दुसऱ्या गावाची ओळख आमच्या गळ्यात बांधलेली! येथे बसलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांचा अनुभव याहून निराळा नसेल.

आज विचार करता आम्हांस वाटते की, आजोबांचे गाव गडहिंग्लज आणि आमचे गाव शिवाजीनगर, असे उत्तर निःसंकोचपणे द्यावे. महाराष्ट्रातील आप्तांना शिवाजीनगर म्हटले की पुण्याचे स्टेशन आठवते. बंगळुरातही शिवाजीनगर आहे, हे त्यांना दरवेळी नव्याने समजावून सांगावे लागते. तेव्हा आपल्या या गावाची थोडी ओळख आपणच करून घेऊ.

इंग्रजांनी १८०९ साली येथे लष्करी छावणी वसविली. त्या छावणीच्या आश्रयाने जी वस्ती वाढली तिला ब्लॅकपल्ली म्हणत. ‘बिळी अक्की पल्ली’, म्हणजे पांढऱ्या तांदळाचे खेडे, या कन्नड नावाचा तो गोऱ्या जिभेने केलेला अपभ्रंश, अशी एक समजूत आहे. सैन्याला दाणागोटा, कपडालत्ता, हमाल, शिंपी, खानसामे, जे जे लागे ते पुरविण्यासाठी तमिळ, तेलुगू, उर्दू, कन्नड, मराठी अशी नाना भाषांची माणसे येथे आली. १९२७ मध्ये रसेल मार्केटची इमारत उभी राहिली. १९४७ साली छावणीचा हा मुलूख म्हैसूर संस्थानाकडे परत आला, १९४९ मध्ये पेठेचे शहर आणि छावणीचे शहर यांची मिळून एक महानगरपालिका झाली, आणि स्वातंत्र्योत्तर काळात ब्लॅकपल्लीचे शिवाजीनगर झाले. ज्या वस्तीत मराठी माणसे मूठभर, त्या वस्तीला महाराजांचे नाव मिळाले, याचा अभिमान वाटतो. पण त्या अभिमानाबरोबर थोडी जबाबदारीही येते.

कारण या नावामागे नुसता आदर नाही, इतिहासही आहे. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बंगळूर जिंकले, आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. बाल शिवाजी काही काळ येथे पित्याजवळ होते आणि येथूनच त्यांना पुण्यास पाठविण्यात आले, असे परमानंदाच्या ‘शिवभारता’वरून दिसते. १६८७ मध्ये एकोजीराजांच्या काळात हे ठाणे भोसल्यांच्या हातून गेले. म्हणजे भोसल्यांचा येथील अंमल सुमारे पन्नास वर्षांचा. आपले मंडळही आज पन्नास वर्षांचे होत आहे. राज्ये पन्नास वर्षांत येतात आणि जातात. मागे काय राहते, एवढाच प्रश्न असतो.

शहाजीराजांच्या बंगळुरातून मागे राहिलेली एक वस्तू म्हणजे एक ग्रंथ. जयराम पिंड्ये नावाचा कवी त्यांच्या सभेत आला आणि त्याने ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य रचले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ मध्ये ते विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. ग्रंथ संस्कृत; पण त्याच्या एका भागात कवीने राजांच्या दरबारातील अनेक भाषांतील रचना गोळा करून ठेविल्या आहेत. मराठी सरदाराची सभा, गाव कानडी, आणि कवने नाना देशींच्या भाषांची! हे वाचताना आम्हांला तो दरबार परका वाटला नाही. आमच्या गल्लीचेच ते राजेशाही रूप वाटले.

शिवाजीनगरातील मुलाचा दिवस पाहावा. सकाळी दूधवाल्याशी कन्नड, फुलवालीशी तमिळ, दुकानदाराशी दख्खनी उर्दू, शाळेत इंग्रजी आणि घरात मराठी. सप्टेंबरच्या आरंभी सेंट मेरी बॅसिलिकेच्या यात्रेसाठी भगवी वस्त्रे नेसलेल्या भाविकांचे थवे आमच्या दारावरून जातात, तेव्हा पाहुण्यांना वाटते की हे वारकरीच आहेत. रमजानच्या महिन्यात आमची गल्ली रात्रभर झोपत नाही. त्याच गल्लीत आमचा गणपती बसतो, आणि विसर्जनाच्या दिवशी टेंपो शेजारचे मुसलमान गृहस्थ देतात. यात कोणास विशेष वाटत नाही.

या भाषाही एकमेकींच्या घरी न विचारता जात असतात. गल्लीतील दख्खनी बोलणारा मित्र ‘नक्को’ म्हणतो, तो आपल्या आजीचा ‘नको’ आहे. तो बोलण्याच्या भरात ‘वहीच’ म्हणतो, त्यातला ‘च’ दख्खनीने मराठीपासून घेतला, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. उलट आपल्या घरातील अण्णा आणि अक्का ही कन्नडचीही नावे आहेत. आपले तूप आणि कन्नडचे तुप्प एकाच कढईतले. ज्ञानदेवांनी आपल्या विठ्ठलाला कानडा म्हटले, पुरंदरदासांनी त्याच विठ्ठलाची मुद्रा कन्नड पदांना लाविली, आणि १९२२ साली धारवाडच्या मुलखात जन्मलेल्या पंडित भीमसेन जोशींनी अभंगवाणी व दासवाणी एकाच गळ्यातून गाइली. हे ज्याचे गाव, त्याने आपण कुठले, म्हणून खिन्न होण्याचे कारण नाही.

आता पुस्तकांकडे वळतो.

आम्हांस मराठी बोलावयास घराने शिकविले, पण वाचावयास कोणी शिकविले नाही. शाळेत मराठी नव्हतीच. शाळेतील हिंदीमुळे नागरी अक्षरे डोळ्यांखालून गेली आणि त्या अक्षरांची शिडी करून आम्ही मराठीच्या माडीवर चढलो. येथे एक मौज झाली. हिंदीच्या पुस्तकात ‘ळ’ नाही. म्हणून ते अक्षर दिसले की आम्ही अडून बसत असू. उच्चार मात्र अचूक येई, कारण कन्नडमध्ये तो आहे. म्हणजे अक्षरांचा सांगाडा हिंदीने दिला, ‘ळ’चा ध्वनी कन्नडने दिला, आणि अर्थ आजीने दिला! चमच्यातला ‘च’ आणि चंद्रातला ‘च’ यांतील भेद मात्र कोणत्याच शाळेने सांगितला नाही. तो आजीच्या तोंडाकडे पाहूनच शिकावा लागला. परप्रांतातील मराठी मूल वाचावयास शिकते ते असे, इकडून तिकडून उसनवारी करून. म्हणूनच त्याच्या वाचनाला पुस्तकाइतकीच माणसाचीही गरज असते.

पहिले पुस्तक म्हणून आमच्या हाती आले ते वडिलांनी जपून ठेविलेले ‘चांदोबा’चे बांधीव खंड. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ च्या जुलैत हे मासिक तेलुगू व तमिळ भाषांत मद्रासहून सुरू केले. १९४९ मध्ये त्याची कन्नड आवृत्ती निघाली आणि १९५२ मध्ये मराठी. वडील सांगत असत की, त्यांच्या लहानपणी गल्लीत एकाच महिन्याचे तीन अंक येत : तमिळ घरी ‘अंबुलिमामा’, कन्नड घरी ‘चंदमामा’ आणि आपल्या घरी ‘चांदोबा’. चित्रे तीच. खांद्यावर प्रेत, हाती तलवार आणि वाट तुडविणारा विक्रम. चित्रकार शंकर यांनी काढलेले ते चित्र तिन्ही घरांत एकच. मुले अंक शेजारी शेजारी ठेवून वाचत. आपल्या अंकात अडलेला शब्द दुसऱ्याच्या अंकावरून ताडीत. कोणत्याही भाषाशिक्षणतज्ज्ञाने आखून दिला नसता असा तो वर्ग जिन्याच्या पायऱ्यांवर भरत असे. २०१३ मध्ये ते मासिक बंद पडले. आम्हांला वाट्याला आले ते जुने खंडच. परंतु वेताळाचा प्रश्न जुना होत नाही. उत्तर ठाऊक असून न बोलशील तर डोक्याची शकले होतील, ही त्याची अट परीक्षेच्या दिवसांत आम्हांला फार जवळची वाटे.

दुसरे पुस्तक साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठी घरात आईच्या हातूनच मुलाच्या हाती येते. आम्हांला ते आजीने दिले, आणि ती शेजारी बसून राहिली. बसणे आवश्यकच होते. श्यामचे पालगड कोकणात, आम्ही रसेल मार्केटच्या मागे. पडवी म्हणजे काय, माजघर कोठे असते, कोनाड्यात काय ठेवितात, हे दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या मुलाला कसे कळावे? आजी एकेक शब्दासाठी आपल्या माहेरच्या घराचा एकेक भाग बांधून दाखवी. पुस्तक संपले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे एक संपूर्ण घर उभे होते, जे आम्ही कधी पाहिलेले नव्हते. ते श्यामचे होते की आजीचे, हे आजही सांगता येत नाही. आजी गेल्यानंतर गडहिंग्लजचे ते घरही पडले. आता ते आमच्यापुरते त्या पुस्तकातच शिल्लक आहे.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. याच साने गुरुजींनी ‘आंतरभारती’चे स्वप्न पाहिले. भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य वाचावे, ही त्यांची तळमळ होती. महाराष्ट्रात हे स्वप्न भाषणांतून सांगावे लागते. शिवाजीनगरात आपण ते दररोज जगतो. गुरुजी आपल्या गल्लीत आले असते, तर त्यांना फार समाधान वाटले असते, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

तिसरे नाव भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्यास शिकावयास येतो आणि सायकलवरून सारे शहर पालथे घालतो. खेड्यातून मोठ्या शहरात आलेला हा मुलगा बावरत नाही, हीच आम्हांस त्याची मोठी प्रेरणा वाटली. पुणे आम्ही प्रथम त्याच्याच सायकलच्या मागे बसून पाहिले. खुद्द भागवतांचा जन्म १९१० साली इंदूरचा. म्हणजे मराठी मुलांना महाराष्ट्र दाखविणारा हा लेखक महाराष्ट्राबाहेर जन्मलेला, हे पुढे कळले तेव्हा आम्हांस विलक्षण धीर आला.

धीर येण्याची आणखी कारणे याच राज्यात सापडली. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. त्यांनी कन्नड कवितेला असे काही दिले की १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या ‘नाकुतंती’ला लाभला, आणि त्यांनी मराठीतही लिहिले. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवीत राहिले आणि मराठी कथा लिहीत राहिले. मुलांसाठी त्यांनी ‘बखर बिम्मची’ लिहिली. एकाने परक्या म्हणविल्या जाणाऱ्या भाषेचे शिखर गाठले, दुसऱ्याने दूर राहून आपल्या भाषेचे. आणि ज्यांना पुस्तकांपेक्षा चित्रपट प्रिय, त्यांच्यासाठी सांगतो की १९५० साली याच बंगळुरात एका मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड येथल्या बसमध्ये तिकिटे फाडीत होते. पुढे ते तमिळ पडद्यावर रजनीकांत झाले. आपण कोठे जन्मलो यावर आपली उंची ठरत नाही. पण या तिघांकडे पाहताना एक प्रश्नही मनात येतो. जेथे गेलो तेथले होणे हे आपल्या माणसांना उत्तम साधते. आपले जे आहे ते पुढच्या पिढीच्या हाती देणे तितकेच साधते काय?

हा प्रश्न आम्ही आमच्या पिढीपुरता विचारतो. वडील मराठी वाचतात. आम्ही अडखळत का होईना वाचतो. आमची धाकटी भावंडे मराठी बोलतात, पण घरून आलेला मराठी निरोप रोमन अक्षरांत वाचतात आणि रोमन अक्षरांतच उत्तर देतात. पुढची पायरी कोणती, हे सांगावयास ज्योतिषी नको. २००८ मध्ये कन्नडला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, २०२४ मध्ये मराठीला. आपल्या घराला अशा दोन अभिजात भाषांचा शेजार लाभला आहे. दर्जा दिल्लीहून मिळतो हे खरे; पण वाचणारे मूल दिल्लीहून मिळत नाही. ते घरीच तयार करावे लागते.

आता ग्रंथसंग्रहाविषयी. मंडळाची तीन कपाटे कुलुपबंद आहेत. जागा अपुरी आहे, वाचक येत नाहीत, वाळवीचे भय आहे, म्हणून पुस्तके महाराष्ट्रातील एखाद्या वाचनालयास देऊन टाकावीत, अशी सूचना आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे आणि अडचणीही खऱ्या आहेत. तरीही आम्हा विद्यार्थ्यांची नम्र विनंती आहे की तसे करू नये. महाराष्ट्रातील वाचनालयाला त्या पुस्तकांनी फारशी भर पडणार नाही. येथे मात्र ती गेल्यावर दुसरी येणार नाहीत. वाचक येत नाहीत हे मान्य. परंतु कुलपापाशी वाचक येत नसतो.

आमची योजना लहान आहे. दर रविवारी सकाळी तासभर कपाटे उघडावीत. आम्ही पाच विद्यार्थी पाळीपाळीने तेथे बसू. पुस्तके मुलांना घरी नेऊ द्यावीत. फाटली तर फाटोत, वाळवीपेक्षा मुलांनी फाडलेली बरी. ज्येष्ठ सभासदांपैकी एकाने दर रविवारी यावे आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे, अडलेल्या शब्दाला आपले जुने घर बांधून दाखवावे. हे काम आम्ही करू शकत नाही; आम्हांस माजघर ठाऊक नाही, ते आपणांस ठाऊक आहे. बालभारतीने १९७१ पासून चालविलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संगणकावर सर्वांस खुले केले आहेत. ते मुलांना मोबाइलवर उघडून देण्याचे काम आमच्याकडे द्यावे. आणि महिन्यातून एकदा शेजारच्या कन्नड, तमिळ, उर्दू बोलणाऱ्या मुलांनाही बोलवावे. त्यांनी त्यांच्या घरची गोष्ट सांगावी, आमच्यांनी आमच्या. जिन्यावरचा तो जुना वर्ग मंडळाच्या सभागृहात पुन्हा भरवावा.

यासाठी खर्च फारसा नाही. लागेल तो वेळ, आणि तोही ज्यांच्यापाशी आठवणी शिल्लक आहेत त्यांचा. तो वेळ दरवर्षी कमी होत आहे, हे या व्यासपीठावरून सांगताना जड वाटते. पण न सांगणे अधिक जड होईल.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या मंडळाची स्थापना केली, त्यांनी पहिल्या वर्षी सभासदांकडून वर्गणीबरोबर एकेक पुस्तक मागून घेतले होते, असे आपल्या जुन्या इतिवृत्तात नोंदलेले आहे. ते आज हयात नाहीत. पण कपाटातील पुस्तकांच्या पहिल्या पानावर त्यांच्या सह्या आहेत. त्या सह्या वाचता येतील अशी मुले या गावात, आमच्या शिवाजीनगरात, यापुढेही असावीत, एवढेच मागणे आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही किल्ली मागावयास येऊ. ती आपण द्यावी.